बुचांच्या कारखान्यातलं स्पॅनिश

दौलतराव जगदाळ्यांनी दारावर थाप मारली नाही. दारावरचा गोणपाटाचा पडदा त्यांनी छत्रीच्या टोकानं बाजूला सारला, नाकावरचा रुमाल तसाच धरून ठेवला आणि बाहेरूनच आवाज दिला.

“होतचंद आहे का घरात?”

आत एक किडकिडीत म्हातारा जमिनीवर मांडी घालून छिटाचे तुकडे हारीनं रचत होता. उद्याच्या हातगाडीची तयारी चालली होती. त्यानं चष्म्यावरून पाहिलं आणि हातातला तुकडा घडी न मोडता खाली ठेवला.

“या साईं. दोन वर्ष लागला तुला यायला.”

“सहज या बाजूला आलो होतो,” दौलतराव म्हणाले.

पिंपरी कॅम्पात सहज कोणी येत नसे. लढाईच्या काळात लष्करानं बांधलेल्या बराकी, त्यांत फाळणीनंतर आणून टाकलेली सिंधी माणसं, बराकींच्या मधून वाहणारी गटारं आणि त्या गटारांच्या काठी खाटांवर वाळणारे पापड. दौलतराव चिंचवड गावातून इथवर पायी आले होते, तेही पाऊस नसताना छत्री घेऊन. छत्री पोझिशनसाठी होती. ज्याला कोणी आपणहून साहेब म्हणत नाही, त्याला असल्या वस्तू बाळगाव्या लागतात.

दौलतराव बुचांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. औषधाच्या बाटल्यांना लागणारी बुचं तिथं तयार होत. बूच म्हटलं की लोक हसतात, म्हणून ते ‘क्लोजर इंडस्ट्री’ म्हणत, आणि मग लोक आणखी हसत. दोन वर्षांपूर्वी कारखान्यात बातमी आली की स्पेनहून बुचं कापायचं मोठं मशीन येणार, आणि ते बसवून द्यायला एक माणूस येणार, ज्याला स्पॅनिशखेरीज काही बोलता येत नाही. मॅनेजरसाहेबांनी जाहीर करून टाकलं, त्या माणसाशी जो बोलेल तो मशीन शिकेल, आणि जो मशीन शिकेल तो नव्या खात्याचा सुपरवायझर. सुपरवायझरला कंपनीची दोन खोल्यांची क्वार्टर होती आणि क्वार्टरमध्ये नळ होता. शालनबाई, म्हणजे दौलतरावांच्या पत्नी, तेव्हाही नदीवरून पाणी आणत होत्या आणि आजही आणत होत्या.

मग दौलतरावांनी शोध काढला. कॅम्पातला हा म्हातारा ऐन तारुण्यात सिंधी पेढीचा नोकर म्हणून स्पेनच्या कुठल्याशा बेटावरच्या बंदरात रेशमी कापड विकत होता, आणि त्याला ती भाषा घरच्यासारखी येत होती. दौलतराव सहा आठवडे शिकायला आले. तेवढ्यात सरकारनं परदेशी मालाचे परवाने अडवले, मशीन लटकलं, आणि दौलतरावांची विद्येची भूक एका दिवसात मेली. शेवटच्या दिवशी जाताना ते म्हणाले होते, “मला काही हातगाडी लावायची नाही. तुझी भाषा तुला लखलाभ.”

कारखान्यात मात्र शिकणं सोडल्याचं त्यांनी चकार शब्दानं सांगितलं नाही. उलट दोन वर्षांत त्यांचं स्पॅनिश वाढतच गेलं. पहिल्या वर्षी ते ‘बऱ्यापैकी’ येत होतं, दुसऱ्या वर्षी ते ‘जवळजवळ मातृभाषा’ झालं.

“परवाना सुटला,” दौलतराव आता म्हणाले. पडद्याच्या आत ते अजून आलेच नव्हते. “मशीन मुंबईला उतरलंय. माणूस महिन्याभरात येतोय.”

“मग शीक.”

“शिकायचं असं नाही. येतंच मला. जरा गंज चढलाय, एवढंच.”

होतचंदनं काहीतरी विचारलं. छोटंसंच वाक्य होतं, शेवटी सूर वर गेलेला. दौलतरावांनी छताकडे पाहिलं, छत्रीच्या मुठीकडे पाहिलं.

“तू उच्चार वेगळा केलास,” ते म्हणाले.

“कसा आहेस, एवढाच विचारला,” होतचंद म्हणाला. तो हसला नाही. हसला असता तर बरं, असं दौलतरावांना वाटलं, म्हणजे तडक निघून तरी जाता आलं असतं.

“घेणार काय ते बोल. उगाच उपकार नकोत.”

“घेणार काही नाही. तो माणूस आला की एक दिवस माझ्या घरी आण. पापड खायला.”

दौलतरावांनी मनात कपाळाला हात मारला. काय जात आहे! घर गेलं, गाव गेलं, पण धंदा सुटत नाही. कामगारांच्या युनिफॉर्मचं कापड स्टोअरमधून घेतलं जातं, हे म्हाताऱ्यानं बरोबर हेरलेलं दिसतंय. पाहुण्याचं निमित्त, पापडाचं निमित्त, आणि मग हळूच कापडाचा तागा पुढे.

“बघू,” ते म्हणाले, आणि रुमाल पसरून त्यावर बसले.

शिकवणी सुरू झाली. होतचंदला व्याकरण ठाऊक नव्हतं. त्याला लिहितासुद्धा येत नव्हतं.

“लिहून दे ना, पाठ करतो,” दौलतराव पहिल्याच दिवशी म्हणाले.

“लिहिणं नाही येत साईं. तिथं पण नाही आला. बोलणं येतो.”

“म्हणजे अंगठाबहाद्दर,” दौलतराव तोंडातल्या तोंडात पुटपुटले. होतचंदला असली मराठीही चांगली समजत होती, हे ते सोयीनं विसरत.

त्याचं स्पॅनिश सगळं गल्ल्याच्या अलीकडचं. बुएनोस दिआस सेन्योरा, या, बसा. मीरे मीरे, बघा तरी. बारातो, स्वस्त आहे. हे रुंद, हे अरुंद, एवढं कापू का, जरा ओढून बघा, ताण सोडा. हे सगळं तो हातवारे करून शिकवायचा. हवेत कापडाचा तागा सोडायचा, मांडीवर घडी घालायचा. दौलतरावांना शरम वाटायची, पण तोंडानं म्हणता म्हणता त्यांचेही हात तसेच फिरायला लागले.

एका वाक्यावरून मात्र भांडण झालं. गेल्या वेळी झालं होतं तेच.

“आधी हा शीक. नो एंतिएंदो. मला समजला नाही.”

“हे नको.”

“पेढीवर नवा पोरगा आला की शेठ आधी हेच शिकवायचा. बाकीचा सगळा नंतर.”

“मी तुझ्या पेढीवरचा पोरगा नाही. मला हे वाक्य लागणार नाही.”

“लागतो, साईं. सगळ्यांना लागतो.”

“मला नाही लागत,” दौलतराव म्हणाले. त्यांनी ते वाक्य एकदाही उच्चारलं नाही. होतचंद रोज सुरुवातीला ते म्हणायचा, थांबायचा, आणि दौलतराव भिंतीवरच्या झुलेलाल देवाच्या तसबिरीकडे बघत बसायचे.

होतचंदची आणखी एक खोड होती. दौलतराव चुकले की तो गप्प बसायचा. बरोबर बोलले की बोट वर करून म्हणायचा, “ओत्रा वेस.” पुन्हा एकदा.

“चुकलेलं पुन्हा म्हणून घेतात, बरोबर आलेलं नाही. कुठल्या शाळेत गेला होतास?” दौलतरावांनी एकदा झापलं.

“चुकलेला पुन्हा बोलला तर तोंडाला सवय लागतो. बरोबर आला तो पुन्हा बोलायचा. मग तो आपला होतो.”

आणि होती ती पिनो. दुकानाचे शब्द संपले की होतचंद जी वाक्यं द्यायचा त्यांत ही पिनो नावाची पोर हटकून असायची. पिनो लहान आहे. पिनोचे डोळे काळे आहेत. पिनोला मासे आवडत नाहीत. पिनो कुठे आहे? पिनो हिरव्या दारामागे लपली आहे. पिनोला ताप आहे. आपल्याकडे पहिलीच्या पोरांना कमळ बघ, छगन उठ शिकवतात तसली वाक्यं. चाळिशीच्या माणसानं, स्टोअरकीपरनं, हे घोकायचं! तरी घोकलं, कारण वाक्यं सोपी होती, आणि ती सांगताना म्हाताऱ्याचा एरवीचा भरभर पट्टा मंद व्हायचा, प्रत्येक शब्द वेगळा ऐकू यायचा.

घरी शालनबाई तवा आपटत.

“एवढ्या वेळात दळण तरी आणून झालं असतं.”

“नळ हवाय ना घरात? मग गप्प बसा.”

“दोन वर्षं झाली, नळाचं नुसतं ऐकतेय. पाणी काही येईना.”

सहा वर्षांची शकू मात्र बापाच्या मांडीला टेकून सगळं ऐकायची. तिनं चिंध्यांच्या बाहुलीचं नाव पिनो ठेवलं. ‘पिनो तिएने फिएब्रे’ म्हणत ती बाहुलीच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवी. एका संध्याकाळी दौलतराव निघाले तसा तिनं त्यांचा सदरा धरला.

“त्या आजोबांना विचारा ना, पिनोचा ताप उतरला का?”

“अगं, ते नुसतं वाक्य आहे.”

“विचारा तरी.”

दौलतरावांनी विचारलं. का विचारलं, त्यांचं त्यांना सांगता आलं नसतं. वर हसून घेतलं, म्हणजे गंमत म्हणून विचारतोय हे कळावं.

“पोरगी विचारतेय, तुझ्या पिनोचा ताप उतरला का म्हणून.”

होतचंद छिटाचा तुकडा घडी करत होता. त्यानं ती घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

“ठाऊक नाही,” तो म्हणाला. आणि त्या दिवशीची शिकवणी तिथंच संपली.

स्पॅनिश माणूस आला तेव्हा दौलतराव फाटकाशी कोट घालून उभे होते. चिमाजी पहारेकरी, चाकणकडचा, बिडी विझवून जवळ आला.

“रावसाब, आता बोलनार व्हय तुमी ते सपानिस? आमाला आयकू तर द्या.”

“तुला त्यातलं काय कळणार?”

“मला न्हाई कळत, पर त्याला कळतंय का ते बघतो की.”

गाडीतून जो उतरला तो पाहून दौलतरावांचा पहिला विरस झाला. हॅट नाही, टाय नाही. ठेंगणा, टकला, नखांत ग्रीस गेलेला साधा फिटर. नाव सांताना. म्हणजे यासाठी आपण त्या बराकीत नाक दाबून बसलो! असला माणूस तर मंगळवारच्या बाजारात कांदे विकताना सापडेल. तरीही दौलतराव पुढे झाले, आणि महिनाभर हातांना लागलेली सवय आपणहून उमटली. उजवा हात लांब करून, हवेत तागा सोडल्यासारखा फिरवून, मान कलती करून ते गोड आवाजात म्हणाले, या सेन्योर, बसा सेन्योर, बघा तरी.

सांताना जागच्या जागी थांबला. मग त्यानं मांड्यांवर थापा मारल्या आणि पोट धरून हसायला लागला. मॅनेजरसाहेब गोंधळले. त्यांचे मेहुणे सयाजीराव, जे कारखान्यात नक्की काय करतात हे कोणाला ठाऊक नव्हतं, ते खूश झाले. सुपरवायझरच्या जागेवर दुसरा डोळा त्यांचाच होता.

“काय झालं? चुकलं का काही?” सयाजीरावांनी विचारलं.

“आनंद झालाय त्यांना,” दौलतराव म्हणाले.

आणि ते खरं होतं, याचं दौलतरावांनाच नवल वाटलं. सांतानानं त्यांच्या खांद्यावर हात टाकला तो आठ दिवस काढलाच नाही. तो भराभर बोलायचा, दौलतरावांना त्यातलं फारसं कळायचं नाही, पण मशीनपाशी काम भागायचं. एवढं काप, हे रुंद, ते अरुंद, ओढ, ताण सोड. रेशीम काय आणि बूच काय, कापायचंच होतं. जे कळायचं नाही ते दौलतराव रचून सांगायचे. साहेब म्हणतात कारखाना फार स्वच्छ आहे. साहेब म्हणतात तुमच्यासारखा मॅनेजर स्पेनमध्ये नाही. मॅनेजरसाहेबांना हे भाषांतर फार आवडायचं. एका दुपारी त्यांनी दौलतरावांना चहाला बसवून घेतलं आणि क्वार्टरची किल्ली कोणाकडून घ्यायची तेही सांगितलं.

शनिवारी सांतानानं दौलतरावांच्या तोंडाकडे बोट दाखवून काहीतरी लांबलचक विचारलं. त्यात ‘इंदिओ’ आलं, ‘प्रोफेसोर’ आलं.

“प्रोफेसर म्हणतायत ना?” मॅनेजरसाहेब म्हणाले. “तुमच्या पुण्याच्या प्रोफेसरांना भेटायचं असेल. उद्या रविवार आहे, माझ्या गाडीतून जाऊ.”

स्पॅनिश कोणाकडून शिकलात असं कोणी विचारलं की सांगायला योजलेले पुण्याचे प्रोफेसर ही दौलतरावांचीच निर्मिती होती. आता ते पेचात सापडले.

“पुण्याला नको साहेब. ते... सध्या पिंपरी कॅम्पात असतात.”

“कॅम्पात? प्रोफेसर?”

“फाळणीत फार हाल झाले बिचाऱ्यांचे,” दौलतराव म्हणाले. होतचंदला त्यांनी अशी फुकटात पदवी देऊन टाकली, आणि वर त्याबद्दल त्यालाच मनात शिव्या घातल्या.

रविवारी गाडी बराकींपाशी थांबली तेव्हा गोणपाटाचा पडदा काढलेला होता. त्या जागी छिटाचा नवा कोरा पडदा होता. होतचंदनं पांढरा सदरा घातला होता आणि दाढी इतकी घोटली होती की हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं होतं. आत खाटेवर चादर, भिंतीशी दोन उसन्या खुर्च्या. त्याची बायको देवकीबाई, जाड भिंगांची, गोल चेहऱ्याची, ताटलीत भाजलेले पापड घेऊन आली आणि मग पाण्याचे पेले. सिंध्यांकडे दारी आलेल्याला आधी पापड आणि पाणी, बाकी सगळं नंतर. सयाजीरावांनी पापड वास घेऊन ठेवून दिला.

“हेच प्रोफेसर?” ते दौलतरावांच्या कानाशी म्हणाले. “परवा मी यांच्याच गाडीवरून उशांना छीट घेतलं.”

दौलतरावांनी ऐकलं नाही असं दाखवलं. नाहीतरी ऐकण्यासारखं दुसरंच काही चाललं होतं. होतचंद आणि सांताना एकमेकांचे दंड धरून उभे होते आणि दोघं एकाच वेळी बोलत होते. दोघंही एकाच बंदराच्या गावचे निघाले. सांताना तिथं जन्मलेला, होतचंद तिथं राबलेला; फाटकाशी दौलतरावांनी हात फिरवून केलेलं स्वागत सांतानाला थेट तिथल्या हिंदी दुकानदारांचं वाटलं होतं. रस्त्यांची नावं, दुकानांची नावं, मधेच हसू, मधेच गुडघ्यावर थाप. दौलतरावांना दहातला एक शब्द कळत होता.

“काय म्हणतायत?” मॅनेजरसाहेबांनी विचारलं.

“हवामानाबद्दल,” दौलतराव म्हणाले. “तिकडेही उकडतं म्हणे.”

“आणि आता?”

“आपल्या कारखान्याची तारीफ.”

देवकीबाई कौतुकानं बघत होती. तिचा नवरा असा बोलतोय, मोटारीतून आलेली माणसं ऐकतायत, हे तिच्या दारात पहिल्यांदाच घडत होतं. भाषेतलं तिला अक्षर कळत नव्हतं. बाराव्या वर्षी लग्न होऊन ती सासरी आली, नवरा समुद्रापलीकडे गेला, दर तीन वर्षांनी सुट्टीवर येत राहिला आणि शेवटी पेढी बुडाली तेव्हा कायमचा परतला. एवढंच तिला त्या देशाबद्दल ठाऊक.

मग होतचंदचं हसणं थांबलं. त्यानं एकदा बायकोकडे पाहिलं, पेल्यातलं पाणी प्यायला आणि बोलायला लागला. आवाज खाली आलेला. एकेक शब्द सुटा, मंद, जणू समोर दौलतरावच बसलेत आणि शिकवणी चालू आहे.

चर्चच्या मागे पायऱ्यांची गल्ली आहे. तिथं हिरवं दार आहे.

दौलतरावांचा पापड तोंडापाशी थांबला. हे वाक्य त्यांना येत होतं.

त्या दारामागे एक बाई होती. तिची मुलगी होती. मुलगी लहान होती. तिचे डोळे काळे होते, माझ्यासारखे. मी निघालो तेव्हा तिला ताप होता. बोट थांबणार नव्हती.

“दोंदे एस्ता पिनो?” होतचंदनं विचारलं. पिनो कुठे आहे?

आयुष्यात पहिल्यांदाच दौलतरावांना स्पॅनिश समजलं. रचून नाही, अंदाजानं नाही, शब्दन् शब्द समजलं. महिनाभर पहिलीच्या पोरासारखं जे घोकलं, ते याचं पोटचं पोर होतं. पापडाचं निमित्त, कापडाचा तागा, युनिफॉर्मची ऑर्डर! दौलतरावांना स्वतःची शिसारी आली.

सांतानानं हातातला पापड ताटलीत ठेवला. मग त्यानं विचारलं, पिनो? बेकरीवाली पिनो? आणि तोही हळू बोलायला लागला, म्हाताऱ्यासाठी. आई वारली. पिनो आहे. चांगली आहे. दोन मुलगे आहेत. त्यानं हातानं एक उंची दाखवली, मग त्याच्याखाली दुसरी. मोठ्या मुलाला सगळी गल्ली ‘एल इंदिओ’, म्हणजे हिंदी माणूस, म्हणते, असं म्हणून त्यानं स्वतःच्या डोळ्यांकडे बोट नेलं, आणि मग होतचंदच्या डोळ्यांकडे.

होतचंदनं चष्मा काढला. डोळे पुसले नाहीत. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून तो बसून राहिला, आणि पाणी गालांवरून त्या कोऱ्या सदऱ्यावर पडत राहिलं.

 मग देवकीबाई ताटली घेऊन दौलतरावांपाशी आली. तिचा दौलतरावांवर पूर्ण विश्वास होता. महिनाभर आपल्या नवऱ्यापाशी बसून शिकलेला माणूस.

“भाऊ, काय बोलला? हे रोतात कशाला?” तिनं विचारलं. “हे पिनो कोण? झोपेत पण बोलतात. आणि मुलं दाखवली ती कोणाची?”

“हो, सांगा ना,” मॅनेजरसाहेब म्हणाले. “एवढं काय झालं?”

“ते म्हणतायत...” दौलतरावांनी सुरुवात केली.

थाप त्यांच्या जिभेवर तयार असायची, आतापर्यंत तिनं कधी दगा दिला नव्हता. आता मात्र एकेक थाप त्यांनी आतल्या आत उचलून पाहिली. पिनो म्हणजे जुनी पेढी म्हणावं, तर पेढीला मुलं कशी? शेठची मुलगी म्हणावं, तर तिच्यासाठी हा रडतो कशाला? एका थापेला दहा प्रश्न येणार, आणि एकदा तोंड सुटलं की आपल्याला थांबता येत नाही, हे दौलतरावांइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. जाड भिंगांमागचे दोन डोळे त्यांच्या ओठांकडे बघत होते.

नळ आठवला. शालन आठवली, हंडा कमरेवर घेऊन नदीचा चढ चढणारी. किल्ली कोणाकडून घ्यायची, तेही आठवलं.

“नाही समजलं मला,” दौलतराव म्हणाले.

“म्हणजे?” मॅनेजरसाहेब वळले. “आठ दिवस तर सगळं समजत होतं.”

“ते रचून सांगत होतो साहेब. मला येत नाही ही भाषा.”

सयाजीराव खुर्चीत ताठ झाले. ठेवून दिलेला पापड त्यांनी उचलला आणि करकरून मोडला.

“एक शब्दसुद्धा नाही कळला, भाऊ?” देवकीबाईनं विचारलं.

दौलतरावांनी मान हलवली. होतचंदनं चष्मा चढवला. तो आता थेट त्यांच्याकडे बघत होता, शिकवणीत बघायचा तसा. मग त्यानं एक बोट वर केलं.

“ओत्रा वेस,” तो म्हणाला.

दौलतराव उठून उभे राहिले.

“नो एंतिएंदो,” ते म्हणाले, सगळ्या खोलीला नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.